१९८२ ची ९११ एससी पुढून डावीकडे बसलीये, राइड हाइट (गाडी जमिनीपासून किती उंच उभी आहे ते) नक्की कुठून मोजायची?

एडिसनकर

नमस्कार मंडळी, जुन्या गाड्यांचा नाद असलेले इथे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतोय. माझ्याकडे १९८२ ची पोर्शे ९११ एससी आहे, अमेरिकन मॉडेल, १६ इंची चाकं, पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५०. इंजिन ठणठणीत आहे, तक्रार फक्त उभं राहण्याची. एक तर नाक वर करून उभी असते, सगळ्या अमेरिकन ९११ असतात तशी, आणि त्यात डावीकडे झुकलेली. मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली तर डावीकडे सव्वासव्वीस इंच आणि उजवीकडे पावणेसत्तावीस. अर्धा इंच फरक म्हणजे लांबूनच दिसतो हो.

इथल्या एका गॅरेजवाल्याला दाखवली, तो म्हणाला डावीकडचा स्क्रू दोन फेरे मारून वर घेतो आणि अलाइनमेंट करून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मला काही ते पटेना म्हणून गाडी परत आणली. तर प्रश्न असे, एक, हा झोक डावा स्क्रू फिरवून घालवायचा का? दोन, युरोपियन हाइटला आणायची असेल तर मडगार्डला किती इंच धरायचे? नेटवर कोणी साडेपंचवीस म्हणतंय कोणी पंचवीस. घरी जॅक, जॅकस्टँड, गोटी पान्यांचा सेट सगळं आहे, गॅरेजची जमीन मात्र गटाराच्या जाळीकडे उतरती आहे.

स्टुटगार्टी

गॅरेजवाल्याला नको म्हणालात हे बेस्ट केलंत. आधी मडगार्ड विसरा. ९११ ची पुढची मडगार्डं बोल्टवर बसवलेली असतात, चाळीस वर्षांत कुठेतरी ठोकलेली, काढून परत लावलेली, त्यामुळे कडेचं माप सस्पेन्शनबद्दल सांगतं का पत्र्याबद्दल ते कळत नाही. शिवाय टायर बदलला, हवा कमी झाली की ते माप बदलतं.

फॅक्टरीची पद्धत वेगळी आहे आणि खूप सोपी आहे. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच, स्ट्रट (चाक धरणारा उभा दांडा) आहे पण त्यात नुसता शॉकअप. स्प्रिंगचं काम करतो तो टॉर्शन बार, म्हणजे ए-आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या) नळीच्या आतून गाडीच्या लांबीत गेलेली एक पोलादी सळई. तुमच्या एससीला ती १८.८ मिमी जाडीची असणार. एक टोक आर्ममध्ये अडकलेलं, दुसरं टोक मागे एका छोट्या लिव्हरमध्ये, आणि त्या लिव्हरला रेटा देणारा स्क्रू म्हणजे तुमचा हाइट ॲडजस्टर. ११ मिमीची गोटी लागते. घट्ट केला की गाडी वर, सैल केला की खाली.

मोजायचं असं: जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत उंची घ्या, मग जमिनीपासून टॉर्शन बारच्या मध्यापर्यंत (बारच्या टोकाशी मध्य सापडतो, दोन्ही बाजूंना तीच जागा धरा). पहिल्यातून दुसरं वजा करा. युरोपियन गाडीला हे उत्तर १०८ मिमी यायला पाहिजे, ५ मिमी इकडेतिकडे चालतं, आणि डाव्या-उजव्यात ५ पेक्षा जास्त फरक नको. वजाबाकी असल्याने टायरची उंची यातून आपोआप बाद होते, हीच त्यातली गंमत. एक लक्षात ठेवा, इथे आकडा मोठा म्हणजे गाडी खाली. बरेच जण इथेच उलटे फिरतात आणि स्क्रू भलतीकडे फिरवत बसतात.

मोजायच्या आधी टाकी भरा. चेष्टा नाही करत, ८० लिटरची टाकी आहे आणि ती पुढच्या चाकांच्या मधोमध आहे, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत ६० किलोचा फरक पडतो. स्टेपनी आणि टूलकिट जागेवर. हवा पुढे २९, मागे ३४. आणि जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजू नका, चाकं आत दुमडलेली असतात आणि गाडी उंचच राहते. बाहेर एक चक्कर मारून या, सरळ पुढे येऊन थांबा, हँडब्रेक न लावता.

उतरत्या जमिनीचं काय करायचं ते दुसऱ्या कोणी सांगा, मला इथे भाड्याचा पिट मिळतो त्यामुळे कधी गरजच पडली नाही.

करवीरचा_मिस्त्री

जमिनीचं मी सांगतो. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. फूटपट्टीसारखी स्पिरिट लेव्हल नको, चार चाकांच्या जागा लांब लांब असतात तिथं ती काही कामाची नाही. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एका चाकाच्या जागेला खूण करा आणि बाकीच्या तीन जागा तिच्याशी मिळवा. जी जागा खाली असेल तिथं पातळ विनाइल टाइल एकावर एक ठेवत चला. चारही जागा सारख्या झाल्या की जमिनीवर रंगानं चौकोन आखून ठेवा, पुढच्या वेळेला परत खटाटोप नको.

टाइलच्या सगळ्यात वरच्या दोन तुकड्यांच्या मधे ग्रीस लावा भरपूर. म्हणजे गाडी चढली की टायर बाहेरच्या बाजूला सरकून मोकळा बसतो. नाहीतर रबर जमिनीला धरून राहतं आणि माप खोटं येतं.

९११ ला मी आयुष्यात हात लावलेला नाही बरं का, पण टॉर्शन बार म्हटलं की आमचा विषय. जुन्या अँबॅसिडरला पुढं टॉर्शन बारच होते, मूळची मॉरिस ऑक्सफर्डच ती. गाडी पुढनं बसली की बार काढून टोकाच्या दातांवर एक घर सरकवून परत घालायचा, अर्धा दिवस जायचा आणि अंगाला ग्रीस. तुमच्याकडं स्क्रू दिलाय म्हणजे मजाच आहे की. त्या अनुभवावरनं दोन गोष्टी सांगतो. बार कधी काढलेच तर डावा उजवा अदलाबदल करू नका, बार एकाच दिशेला पीळ खायला तयार केलेला असतो, उलटा घातला तर आज ना उद्या तुटतो. आणि गाडीचं सगळं वजन स्क्रूवर असताना पाना मारू नका, जॅकनं वजन उचला मग फिरवा. इतकी वर्षं बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर चाललेली गाडी, आटे गंजलेले असणार. आदल्या रात्री तेल मारून ठेवा.

एडिसनकर

वा काका, नळीची आयडिया भारी. हार्डवेअरच्या दुकानात नळी मिळाली, टाइल्स पण. जमीन एका कोपऱ्यात १४ मिमी खाली निघाली!! म्हणजे आधीची सगळी मापं गंगार्पण.

आता समतल जागेवर, टाकी फुल, हवा बरोबर:
डावं चाक मध्य ३०४, बार २२१, फरक ८३
उजवं चाक मध्य ३०५, बार २३०, फरक ७५

म्हणजे झोक खराच आहे, ८ मिमीचा, पण मडगार्डला १२-१३ दिसत होता. उरलेले जमिनीचे आणि पत्र्याचे धरायचे बहुतेक. उजव्या मडगार्डच्या वरच्या कडेचे दोन बोल्ट नंतर कधीतरी बदललेले दिसतायत, वॉशर वेगळे आहेत.

आणि १०८ ला आणायचं तर डावीकडे २५ आणि उजवीकडे ३३ मिमी खाली घ्यायला लागेल. मग सरळ दोन्ही स्क्रू सैल करत १०८ ला आणून सोडतो, झोकही गेला आणि हाइटही झाली. बरोबर ना?

ऑटोक्रॉसवाली

थांबा थांबा. पुढे झोक दिसतोय म्हणजे दोष पुढेच आहे असं नाही. चार पायांचं स्टूल डुगडुगतं तेव्हा कुठला पाय आखूड आहे ते नुसतं बघून कळतं का? गाडीची बॉडी कडक आहे, मागचा उजवा कोपरा वर रेटला गेला किंवा मागचा डावा खचला तरी पुढे डावीकडेच बसल्यासारखी दिसणार. तुम्ही पुढचे दोन्ही स्क्रू फिरवून मापं १०८-१०८ करून ठेवाल, दिसायला सरळ होईल, आणि आतमध्ये मात्र एका कर्णावर जास्त वजन आणि दुसऱ्यावर कमी. कोरड्या रस्त्यावर कळणारही नाही. पावसात जोरात ब्रेक मारलात की पुढचं हलकं चाक आधी लॉक होईल आणि गाडी एकीकडे ओढेल, तेव्हा कळेल.

गॅरेजवाला डावा पुढचा स्क्रू घट्ट करणार होता ना, त्याने डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या अशा दोन्ही चाकांवर वजन वाढतं. स्क्रू एकच फिरवला तरी हलतात चारही कोपरे.

दोष पुढे का मागे हे घरच्या घरी कळतं. पुढच्या चाकांखाली ग्रीसवाल्या टाइल्स असू द्या. मागे इंजिनच्या केसखाली बरोबर मधोमध लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावा आणि मागची दोन्ही चाकं जेमतेम जमीन सोडतील इतकंच उचला. आता गाडीचा मागचा भाग एकाच बिंदूवर आहे, म्हणजे मागचं सस्पेन्शन डावीकडे-उजवीकडे काहीच ढकलू शकत नाही. पुढे जो झोक उरेल तो फक्त पुढचा. ॲन्टी-रोल बारचं (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या सळईचं) एक टोक आधी सोडून ठेवा, नाहीतर तोही आपली ढवळाढवळ करतो. मोजायचं बाजूला बसून, गाडीखाली अजिबात जायचं नाही, एका जॅकवर उभी आहे ती.

तसंच उलटं पण करून बघा, पुढे क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) मधे जॅक आणि मागची उंची.

जाता जाता, उजव्या सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) खालून ऑइलच्या नळ्या पुढच्या कूलरकडे जातात, तिथे चुकूनही जॅक टेकवू नका. ती नळी चेपली की या सगळ्या खर्चाच्या वर खर्च.

पिस्टन_पाटील

एवढं डोकं लावण्यापेक्षा सरळ २१ चे बार टाका ना पुढे. मार्केटमध्ये मिळतात. गाडी खाली पण बसेल आणि वळणावर झोक पण नाही खाणार. नाहीतर कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग) लावा, विषय संपला

स्टुटगार्टी

पाटील साहेब, बार जाड केला म्हणून गाडी खाली जात नाही, हाइट लिव्हरच्या कोनावर ठरते. जाडीने फक्त कडकपणा वाढतो आणि तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १८.८ वरून २१ म्हणजे ऐकायला दोन मिमी वाटतं पण हिशेब केला तर स्प्रिंग साधारण ५५ टक्के कडक होते. मग मागचे बार पण बदला, शॉकअप पण त्या हिशेबाने बदला. ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर करावं. रविवारी सकाळी फिरायला काढणाऱ्याच्या पाठीला मात्र ते झेपणार नाही. कॉइलओव्हरचं तर बोलूच नका, या गाडीच्या स्ट्रटचा वरचा माउंट आणि आजूबाजूचा पत्रा गाडीचं वजन पेलण्यासाठी बनवलेलाच नाही, सगळं वजन खाली क्रॉसमेंबरवर जातं. तिथे वेल्डिंग करून मजबुती द्यावी लागते. मूळ डिझाइन इतकं छान असताना कशाला?

अमेरिकन गाडी उंच का हेही सांगतो, म्हणजे १०८ ला आणल्यावर काही बिघडेल का अशी शंका नको. १९७४ पासून अमेरिकेत बंपरचे नियम कडक झाले, ५ मैलांच्या धक्क्याचे आणि बंपर किती उंचीवर पाहिजे त्याचे, म्हणून तिकडच्या गाड्या उचलून पाठवत. सस्पेन्शन तेच होतं. १०८ ला आर्म ज्या कोनात असायला हवेत त्याच कोनात येतात. तुम्ही डिझाइनच्या मापावर परत आणताय, त्याच्या खाली नाही.

ऑटोक्रॉसवाली ताईंची टेस्ट आधी करा. एक नंबर.

पिस्टन_पाटील

बरं बरं, चौथा घात वगैरे माहीत नव्हतं, माहितीबद्दल धन्यवाद 🙏 माझं अल्टोचं ज्ञान

एडिसनकर

केली टेस्ट. मागून मधोमध उचलल्यावर पुढे डावीकडे ७९, उजवीकडे ७८. म्हणजे पुढचा भाग जवळपास सरळ आहे! मग पुढून मधे उचलून मागे बघितलं तर डावीकडे ढळढळीत खाली.

मग मागचं डावं चाक काढून आत टॉर्च मारला. मागे टॉर्शन बार आडवा आहे, त्याच्या टोकाला ती लांब पट्टी, स्प्रिंग प्लेट. तिच्यावरच्या कव्हरला चार बोल्ट आणि मधे गोल भोक, त्या भोकातून प्लेटची नळी दिसते. उजवीकडे नळी भोकाच्या बरोबर मधे आहे, सगळीकडून सारखी फट. डावीकडे नळी एका बाजूला इतकी सरकलीये की तिथे फटच नाही, आणि त्या बाजूने रबर काळ्या जिभेसारखं कव्हरच्या बाहेर आलंय, बोटाने दाबलं तर तुकडे पडतायत. फोटो टाकतो संध्याकाळी.

म्हणजे रबर बुश (सांध्यातली रबरी कडी) गेलाय असं समजू ना? का बारच बदलायला लागेल? आणि बदलताना पॉलीयुरेथेनचे टाकू का?

करवीरचा_मिस्त्री

बार नाही हो, बार ठीक असणार. रबर मेलंय. सहज दिसतंय ते. टॉर्शन बार सहसा थकत नाही, गंजून खड्डा पडला तर तुटतो. काढलाच आहे तर बारवरचा रंग नीट बघा, कुठं उडाला असेल तर साफ करून रंग मारा.

दोन्ही बाजूंचे बुश बदला. एकच बदलून उपयोग नाही, नवं एक आणि जुनं एक म्हणजे परत तेच. पॉली मी टाकणार नाही. करकर करतात, आणि ग्रीस संपलं की अडकतात.

ऑटोक्रॉसवाली

काकांशी सहमत, रस्त्यावरच्या गाडीला रबरच. आणि नवं रबर बसवल्यावर कव्हरचे बोल्ट पूर्ण घट्ट करायची घाई करू नका. गाडी चाकांवर उभी राहू द्या, आर्म आपल्या नेहमीच्या कोनात आला की मग शेवटचं घट्ट करा. लटकलेल्या अवस्थेत आवळलं तर रबर कायम पीळ खाऊन राहतं, हाइट खोटी दिसते आणि रबर लवकर फाटतं.

बार काढताना त्याची आतली आणि बाहेरची दातांची जागा खुणा करून ठेवा. मागच्या बारला आतल्या टोकाला ४० दात आणि बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दात पुढे आणि बाहेर एक दात मागे घेतला की निव्वळ फरक एक अंशाहूनही कमी पडतो, त्यामुळे बारीक ॲडजस्टमेंट होते, पण खूण नसेल तर कोडं सोडवत बसाल. एससीला स्प्रिंग प्लेटवर एक्सेन्ट्रिक (फिरवून हाइट बदलायचा बोल्ट) पण आहे, थोडा फरक असेल तर दातांना हातच लावायला नको. ते एक्सेन्ट्रिक आधी मधे आणून ठेवा म्हणजे दोन्हीकडे जायला जागा राहते.

एडिसनकर

मनापासून आभार सगळ्यांचे. बुश मागवले. आता शेवटचं विचारतो, हे सगळं झालं की क्रम काय ठेवायचा? आणि खाली आणल्यावर स्टीअरिंग खड्ड्यावर आपोआप हलतं असं कुठेतरी वाचलं, त्याला काही स्पेसर वगैरे लागतात म्हणे.

स्टुटगार्टी

क्रम असा ठेवा. मागचे बुश, मग मागची हाइट दोन्ही बाजू सारखी. मागचं नीट झाल्याशिवाय पुढच्या स्क्रूला हात लावायचा नाही. मग पुढे दोन्ही स्क्रू सारखे सारखे सैल करत १०८ कडे या, एकदम एक बाजू पूर्ण नको, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी गाडी खाली उतरवून पुढेमागे हलवून मग मोजा. एका फेऱ्याला किती मिमी वगैरे नेटवरचे आकडे धरू नका, टेप काय सांगते ते धरा. स्क्रू संपला आणि गाडी अजून उंचच असेल तर लिव्हर काढून दातावर एक घर फिरवून बसवायचा, पण तुमच्याकडे ती वेळ येईल असं वाटत नाही.

मग कॉर्नर बॅलन्स, म्हणजे चारही चाकांवरचं वजन जुळवणं. चार वजनकाटे असलेलं गॅरेज शोधा, तुम्ही स्वतः गाडीत बसा किंवा तुमच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवा, कारण एकट्यानेच चालवता ना. डावा पुढचा आणि उजवा मागचा यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली की झालं, अर्धा टक्का इकडेतिकडे रस्त्यावर कोणाला कळत नाही. त्यासाठी हाइटमध्ये दोन-तीन मिमीची तडजोड करावी लागली तर करा. आरशासारखी सरळ दिसणारी आणि ब्रेकला ओढणारी गाडी मला नको.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण हाइट बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा झोक) आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळणं) दोन्ही हलतात. आधी अलाइनमेंट करून घेतलीत तर ते पैसे पाण्यात.

बंप स्टीअरचं (खड्ड्यावर स्टीअरिंग आपोआप हलण्याचं) म्हणाल तर १०८ ला स्पेसरची गरज नाही, टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाकाला वळवणारे दांडे) जवळपास योग्य कोनात असतात. त्याच्या बरंच खाली नेलं, तो ट्रॅकवाल्यांचा बुटका लूक हवा असला, की टाय रॉड आणि ए-आर्म यांचे कोन जुळत नाहीत, चाक वरखाली झालं की टो बदलतो आणि खड्ड्यावर स्टीअरिंग हातात वळवळतं. तेव्हा स्टीअरिंगच्या रॅकच्या खाली स्पेसर घालून तो उचलतात, आणि फारच खाली न्यायची असेल तर स्ट्रटवरचा स्पिंडलच (चाक बसतं तो दांडा) वर सरकवून वेल्ड करतात. तुम्हाला यातलं काही नको.

गॅस भरलेले शॉकअप टाकायचा विचार असेल तर ते याच्या आधीच टाका, गॅसच्या दाबाने गाडी काही मिमी वर उचलली जाते आणि मग सगळं परत मोजावं लागतं. आणि हेडलाइट पण परत सेट करा. पुढचं आणि मागचं सारखंच खाली आलं नाही तर उजेड भलतीकडे पडतो.